इथे धंदा चालत नाही

सोमवार, ४
परत पाठवला अर्ज! कॉलेजचं ग्रंथालय मला चारशे जुनी पुस्तकं बाइंडिंगला द्यायला तयार आहे — एवढं मोठं काम उभ्या जन्मात आलं नाही — पण ग्रंथपालबाई म्हणतात, पंचवीस तारखेच्या आत धंद्याचा टॅक्स नंबर आणा, नाहीतर काम दुसऱ्याला. आणि इकडे फॉर्म म्हणतो, फोटो मोठा आहे. लहान केला. आता म्हणतो, अस्पष्ट आहे! थोबाडच पसंत नसेल तर सरळ सांगावं ना.

बुधवार, ६
जागेचा पुरावा हवा. लाइटबिल घरमालकांच्या नावावर. सहा वर्षं त्यांच्यापासून काम लपवलं — बेल वाजली की पुस्तकं दाबायच्या प्रेसवर चादर, खळीचं पातेलं मोरीत, आणि घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य : "इथे धंदाबिंदा काही नाही." आज लाज गिळून संमतीपत्र मागायला गेले. मालक म्हणाले, "अहो, खळीचा वास जिन्यापर्यंत येतो. मला काय कळत नव्हतं?" आणि सही केली! उगाच सहा वर्षं त्या चादरी धुतल्या.

शनिवार, ९
अर्ज गेला एकदाचा. टॅक्स ऑफिसचा माणूस जागा बघायला येणार म्हणे. घरात सासूबाई आणि नवरा, दोघांनाही बजावलंय — आता खरं सांगायचं.

गुरुवार, १४
डोकं फिरलंय. तो माणूस आला आणि मी नेमकी पुठ्ठे आणायला बाजारात! अर्ज नामंजूर. कारण काय — जागेवर धंदा आढळला नाही. घरात सासूबाई आणि नवरा. कारखाना बंद पडल्यापासून हा घरीच असतो, पण तेव्हा म्हणे झोपला होता. सासूबाई म्हणाल्या, "सवयीनं निघून गेलं गं तोंडातून." सवयीनं! नको नको ते बोलले मी त्यांना. त्या खाली मान घालून पुठ्ठ्यांवर कापड चिकटवत बसल्या. हा म्हणाला, "जाऊ दे ना, आईचं वय झालंय."

शुक्रवार, १५
सासूबाईंनी दोनदा हाक मारली. ओ दिली नाही.

सोमवार, १८
टॅक्स ऑफिसात पाय मोडले. नवा अर्ज करायचा तर आधी नामंजुरीला उत्तर द्या. उत्तर द्यायचं तर पाहणीचा अहवाल हवा. अहवालासाठी वेगळा अर्ज, तीन नंबरच्या खिडकीवर. खिडकी बंद. "जेवायला गेलेत." सकाळी साडेअकराला! तिथेच बाकावर बसून राहिले. दोन वाजता साहेब ढेकर देत आले आणि म्हणाले, गुरुवारी या.

गुरुवार, २१
अहवाल मिळाला. एकच पान. 'इथे धंदा चालत नाही. बायको हौस म्हणून करते, असे घरातील व्यक्तीने सांगितले.' खाली त्या व्यक्तीची सही. नवऱ्याची.

आठ दिवस मी सासूबाईंशी बोललेले नाही.