बुधवारची बोट

६ मार्च, गुरुवार

सकाळीच नाइवुली गावच्या मुखियाचा फोन. आवाज शांत — म्हणजे फारच वाईट! लिटिआ आजी काल दिवसभर गाठोडं घेऊन धक्क्यावर बसून होती. बोट मंगळवारीच येऊन गेलेली. शेजारच्या बेटावर डोळ्यांचे डॉक्टर दोनच दिवस होते. मोतीबिंदू. दोन वर्षं वाट पाहत होती बिचारी. "तुमचा मेसेज बुधवारचा होता," एवढंच म्हणाला मुखिया.

लांबच्या बेटांना बोट कधी येणार ते कळवायचं — माझी आणि रोनीलची कंपनी एवढंच करते. तेवढंही धड जमू नये?

रोनीलला विचारलं, दिवस बदलल्याचा मेसेज गेला होता का? गावं आणि बोटवाले मी सांभाळते, यंत्रं तो. म्हणाला, "बघतो. पण बोटवाल्यांनी बोट आधी सोडली तर आपण काय पोहत जायचं? खाली एक ओळ टाकू — वेळा बदलू शकतात, आम्ही जबाबदार नाही." मी कप आपटला. कान तुटला.

७ मार्च

ठरलं, जाणार. यंगोनाची, म्हणजे कुटून पेय करतात ती मानाची मुळं घेऊन, मान खाली घालून, रीतीप्रमाणे माफी मागणार. आमच्यात ही माफी फोनवर होत नाही. मामांना सोबत नेते, अशा वेळी कसं बोलायचं ते त्यांनाच ठाऊक.

पण बोट मंगळवारी, आणि परत यायला आठवडा. शुक्रवारी तर ऑकलंडहून पैसे गुंतवणाऱ्या बाई येतायत! चार महिने मागे लागून मिळालेली भेट. रोनीलने त्यांच्यासाठी नकाशा केलाय, त्यावर निळी बोट सरकते. देखणा आहे. नाइवुलीत तो उघडायला अर्धा दिवस लागेल. तिथे एकच फोन धड लागतो, दुकानदार आपिसाइचा. तो मेसेज वाचतो आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहितो. बाईंच्या तक्त्यात मात्र अख्खं गाव म्हणजे एक ग्राहक.

१० मार्च

रोनील तीन तिकिटं घेऊन हजर. "मीही येतोय." आणि शुक्रवार? "बाईंना कळवलंय." 'जबाबदार नाही' म्हणणारा तो हाच! म्हणजे मेसेज गेलाच नव्हता. तोंड एवढंसं झालेलं. विचारलं नाही. जखमेवर मीठ कशाला चोळा!

१२ मार्च

ओकलो. तिघंही.

१४ मार्च, नाइवुली

झालं एकदाचं. चटईवर बसलो, मुळं पुढे ठेवली, मामा बोलले. रोनील माझ्याहूनही खाली वाकलेला. मुखिया मुळांकडे नुसता बघत बसला. इतका वेळ की मला रडू यायला लागलं. शेवटी मुखियाने मुळांना हात लावला — स्वीकारली! रीतीच्या टाळ्या झाल्या. आपिसाइने यंगोनाच्या वाट्या भरून दिल्या, पण आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिडला असणार. साहजिक आहे.

नंतर आजीने रोनीलचा चेहरा चाचपला. "अगंबाई, केवढा वाळका! बोटीवरून उडून कसा नाही गेलास?" सगळे हसले. मग म्हणाली, नातीचं बाळ सहा महिन्यांचं झालंय, अजून आवाजावरूनच ओळखते. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

"आजी, आमच्याबरोबर शहरात, सुवाला चला," रोनील म्हणाला. "आमच्या घरी राहा. मोठ्या हॉस्पिटलात नाव घालू." मी हळूच म्हटलं, आईला विचारलंस का? "आई काय नाही म्हणणारे?"

२० मार्च

परतलो, आजीला घेऊनच. बाईंचं उत्तर आलंय. तीन ओळी. ज्यांना भेटीची वेळ पाळता येत नाही त्यांच्यात पैसे घालणार नाहीत म्हणे. खूप वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

रोनीलने नकाशा बंद केला आणि दुसरंच काही करायला बसला. मेसेज गेल्यावर समोरून 'फळ्यावर लिहिलं' असं उत्तर यायला हवं. तासाभरात आलं नाही तर आपण फोन करायचा, कुणीतरी उचलेपर्यंत. इतकं साधं! आधी का नाही सुचलं?

९ एप्रिल

ऑपरेशन झालं! पट्टी सोडल्यावर आजी रोनीलच्या आईला म्हणाली, "तू तर आवाजापेक्षा तरुण दिसतेस!" दोघी गेले तीन आठवडे रोटी लाटता लाटता एकमेकींच्या भाषेतल्या शिव्या शिकतायत.

२३ एप्रिल

आपिसाइ आजीला न्यायला आला. निघताना मला बाजूला घेतलं. मेसेज मिळाला होता म्हणे! सोमवारी सकाळी, वेळेवर. त्याने वाचला, फोन खिशात टाकला, मळ्यात गेला. फळ्यावर लिहायचं राहिलं. "तुम्ही मान खाली घालून बसलात आणि माझं तोंडच उघडेना, ताई." गावात अजून कुणाला माहीत नाही. रडत होता. पाठीवर हात ठेवला.

२४ एप्रिल

रोनीलला सांगितलं. त्याने मान वर केली नाही. "माहितीय. तिकिटं काढायच्या आधीच मेसेज पोहोचल्याची नोंद पाहिली होती."

मग माफी कशाची मागितलीस?

"आजी दिवसभर बसून होती, सेरा. कुणीतरी जायला हवंच होतं."