अकरा पत्रे, दोन टेबले आणि एक सही

प्रति,
मा. सेवामुक्ती अधिकारी,
मध्यवर्ती बँक व अर्थ मंत्रालय यांचा संयुक्त समन्वय कक्ष,
तिसरा मजला, झेरॉक्स यंत्राच्या पलीकडे.

विषय : अर्जदाराचे स्वतःशीच बावीस वर्षे चाललेले भांडण मिटवून त्यास या महिनाअखेरीस सेवेतून मोकळे करण्याबाबत.

संदर्भ : पत्र क्र. १ ते ११ (सर्व अर्जदारानेच लिहिलेली, सर्व एकमेकांच्या विरोधात).

महोदय,

विषय वाचून आपल्या भुवया वर गेल्या असतील, तर त्या तशाच राहू द्याव्यात ही विनंती. पुढे लागतील.

१. सदर अर्जदार हा अर्थतज्ज्ञ असून चौतीस वर्षांपूर्वी मध्यवर्ती बँकेत संशोधन सहायक म्हणून रुजू झाला. महागाई पुढल्या वर्षी किती वाढेल, हे आधी सांगणे हे त्याचे काम. पहिल्याच वर्षी त्याचा अंदाज तंतोतंत बरोबर आला. बेरजेत चूक झाली होती, हे त्यास नंतर कळले. तोवर बढती झाली होती. तेव्हापासून बेरजा बरोबर आहेत आणि अंदाज चुकत आहेत. याबद्दल त्याची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

२. बावीस वर्षांपूर्वी अर्जदाराने बँकेच्या वतीने अर्थ मंत्रालयास पत्र क्र. १ लिहिले. मंत्रालयाने आधी खर्चाला हात आखडता घ्यावा, म्हणजे बँक व्याजदर उतरवील, असा त्याचा सरळ आशय होता. पत्र चांगले उतरले होते. अर्जदाराने ते घरी पत्नीस वाचूनही दाखवले. मग ते रीतसर मार्गाने निघाले. रीतसर मार्ग म्हणजे सात टेबले, आणि सात टेबले ओलांडायला जितका वेळ लागतो तितक्यात आपल्याकडे माणसाची बदली होते. अर्जदाराची प्रतिनियुक्ती अर्थ मंत्रालयात झाली. तिसऱ्या दिवशी टपालात ते पत्र त्याच्याच पुढ्यात आले.

३. येथे अर्जदार एक गोष्ट प्रांजळपणे कबूल करतो. पत्र वाचताना त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा दीडशहाणा, आम्हाला खर्च शिकवणारा, असे मनात येऊन त्याने खाली सही पाहिली. सही पाहूनही राग गेला नाही. मंत्रालयातले विभागप्रमुख म्हणाले, कडक उत्तर द्या. अर्जदाराने दिले : बँकेने आधी व्याजदर उतरवावा, म्हणजे मंत्रालय हात आखडता घेईल. हे पत्र क्र. २. ते सात टेबले फिरून बँकेत पोहोचले, तेव्हा अर्जदार बँकेत परत आला होता. बँकेतले विभागप्रमुख म्हणाले की हा मंत्रालयातला माणूस भलताच उर्मट दिसतो, त्याला धडा शिकवा. अर्जदारासही तसेच वाटत होते.

४. पुढे दर दोन वर्षांनी बदली आणि दर बदलीला पत्र, असा क्रम पडला. पत्र क्र. ५ मध्ये अर्जदाराने समोरच्या अधिकाऱ्याच्या भाषेबद्दल लेखी तक्रार केली. ती मंत्रालयात पोहोचताच अर्जदारास कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्याने खुलासा दिला. तो बँकेत आला असता अर्जदाराने वाचला आणि असमाधानकारक ठरवला. दरम्यान बँकेच्या गोपनीय अहवालात त्याच्याविषयी "मंत्रालयाला पुरून उरतो" असा शेरा पडला व मंत्रालयाच्या अहवालात "बँकेला वठणीवर आणण्यात हातखंडा". दोन्हींच्या जोरावर त्यास दोनदा वेतनवाढ मिळाली.

५. सातव्या पत्रानंतर कोणास तरी सुबुद्धी झाली आणि समोरासमोर बैठक ठरली. नेमके त्या आठवड्यात दोन्ही टेबलांचा कार्यभार अर्जदाराकडे होता. बैठक लांबट टेबलावर झाली. समोरासमोर दोन खुर्च्या, दोन नावपाट्या, दोन कप चहा. अर्जदाराने एका खुर्चीवर बसून बँकेची बाजू मांडली, उठून वळसा घालून दुसरीवर बसून ती खोडून काढली. अकरा फेऱ्यांनंतर त्याचा गुडघा धरला. इतिवृत्तात नोंद आहे की चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली, परंतु मतैक्य होऊ शकले नाही. चहा मात्र दोन्हीकडचा संपला होता.

या बावीस वर्षांत व्याजदर चढले, उतरले. खर्च वाढला, थोडा कमी झाला, पुन्हा वाढला. महागाई तिच्या मनाला येईल तशी वागली. यांतल्या कोणीही आमचे एकही पत्र वाचले नव्हते, हे अर्जदार पूर्ण जबाबदारीने सांगतो.

६. आता मूळ अडचण. अर्जदार या महिनाअखेरीस निवृत्त होत आहे. त्यास सोडण्यासाठी "काही प्रलंबित नाही" असा दाखला दोन्ही विभागप्रमुखांकडून लागतो. पत्र क्र. ११ बँकेकडून येऊन मंत्रालयात अर्जदाराच्या टेबलावर पडून आहे. त्याने "बरे, आधी आम्ही" असे तीन शब्दांचे उत्तर तयार केले. प्रमुखांनी ते खोडले. असे लिहिले तर उद्या आपल्याला कोण विचारील, म्हणाले. मग त्याने दाखल्याचीच मागणी केली. मंत्रालय म्हणते, आधी बँकेने दाखला द्यावा, लगेच आम्ही देतो. बँक म्हणते, आधी मंत्रालयाने द्यावा. ही वाक्यरचना अर्जदारास ओळखीची वाटली. दोन्ही कार्यालयांत ती त्यानेच रुजवली आहे. करावे तसे भरावे म्हणतात, ते असे.

७. हा उशीर का परवडत नाही, तेही सांगणे भाग आहे. अर्जदाराची पत्नी निवृत्त शिक्षिका आहे. या पत्रव्यवहाराआधीच्या बारा वर्षांत नवऱ्याच्या गावोगावच्या बदल्यांपायी तिने पाच शाळा सोडल्या आणि कधी ब्र काढला नाही. तिने डोंगरापलीकडच्या आपल्या गावी दोन खोल्यांची शाळा काढली असून ती पुढल्या महिन्याच्या तीन तारखेस सुरू होते. चौथीचे गणित अर्जदाराने शिकवायचे ठरले आहे. महोदय, त्या गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानावर उत्तरे छापलेली असतात. चौतीस वर्षे अंदाज वर्तवलेल्या माणसाला याचा केवढा आनंद व्हावा, ते आपणास कसे सांगावे? अर्जदार सध्या जिना चढताना पाढे म्हणतो. शिपाई बाजूला होतात.

दाखल्यांचे घोडे अडल्याचे त्याने घरी सांगितले. पत्नी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझं एक तारखेचं तिकीट काढून झालंय," ती म्हणाली. "तुम्हा दोघांत शहाणा कोण ते ठरलं की त्याला पाठवून द्या."

अर्जदार दोघांच्याही वतीने ओशाळला. तो तिच्याबरोबर जाऊ इच्छितो. यापूर्वी दर वेळी तीच त्याच्याबरोबर आली आहे.

८. तिनेच पुढे उपायही सुचवला. वर्गात एकाच पट्टीची दोन टोके धरून दोन पोरे "आधी तू सोड" करू लागली, की ती एक, दोन, तीन म्हणते आणि दोघांनी एकदम सोडायचे. तरी आपण दोन्ही विभागप्रमुखांस आपल्या दालनात बोलावून, प्रत्येकाच्या हाती पेन देऊन, मोठ्याने एक, दोन, तीन म्हणावे, ही विनंती. पट्टी लागल्यास अर्जदार आणून देईल.

९. आपल्या कक्षाच्या नियमानुसार अशा अर्जासोबत दोन्ही कार्यालयांतील संबंधित अधिकाऱ्यांची लेखी मते जोडावी लागतात. मंत्रालयात संबंधित अधिकारी अर्जदारच आहे. बँकेतले टेबल सोमवारपासून रिकामे झाल्याने त्याचाही कार्यभार त्याच्याकडेच आला. दोन्ही मते त्याने स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या इमारतींत बसून, मधला रस्ता चालत ओलांडून लिहिली. दुसरे लिहून झाल्यावर शेजारी ठेवून वाचली आणि भर दुपारी एकटाच मोठमोठ्याने हसला. बँक म्हणते : "याला जाऊ द्या." मंत्रालय म्हणते : "याला जाऊ द्या."

बावीस वर्षांत प्रथमच आमचे एकमत झाले आहे. दोघांपैकी एकाचेही मन फिरण्याआधी आपली सही व्हावी.

आपले नम्र,
अर्जदार (बँकेतर्फे)
अर्जदार (मंत्रालयातर्फे)

दिनांक : चालू महिन्याची सत्तावीस, दुपारी चार.

सोबत :
१) पत्र क्र. १ ते ११.
२) बैठकीचे इतिवृत्त व दोन चहांचे बिल.
३) अर्जदाराने अर्जदाराची मागितलेली लेखी माफी, स्वीकारल्याच्या पोचेसह.
४) पहिल्या तारखेच्या तिकिटाची प्रत. तिकिटे दोन आहेत, हे अर्जदारास आज सकाळीच तिच्या पर्समध्ये पाहून कळले.