जात्यातला खडा

आये, तुझ्या भावाची मला ओकारी येते. तू असतीस तर 'मेल्या, मामाला असं बोलतात?' म्हणून उलथनं फेकलं असतंस. पण आधी ऐक. मी आता त्याच्याच गॅरेजात आहे. जुन्या मोटारसायकली घ्यायच्या, पुसायच्या, विकायच्या. परवा एक आली, आतून खरखर वाजणारी. चेन ताणली, टॅपेट लावले, तरी खरखर तशीच. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, आणि अंगावर काटा आला. इंजिन बंद करून ऑइल सोडलं. काळं, जळकं, वास असला की जेवण वर आलं. चहाच्या गाळणीतनं गाळलं तर जाळीत माशाच्या खवल्यांसारखा चुरा चमकतोय. लोहचुंबक धरला, सगळा चुरा टपाटप चिकटला. पोलाद. आतलं बेरिंग स्वतःलाच खात होतं. पण गो, ते मला आधी कानाने कळलं होतं.

तू पडवीत कुळीथ दळतेयस. मी खांबामागे, अजून अर्ध्या चड्डीतला. मगाशीच जात्यात चिऱ्याचा खडा टाकून आलोय आणि तुझी गंमत बघतोय. तू एक फेरा मारतेस आणि हात थांबतो. मारत नाहीस, हेच वाईट. त्याच पिठाची पिठी करतेस आणि भातावर एकट्या माझ्या पानात वाढतेस. "खा. तुझाच खडा आहे." दाताखालची ती कचकच अजून आठवली की जीभ आत जाते. वर तुझं चालूच, "खडा वाजला की हात थांबवायचा. पीठ गेलं तर जाऊदे, दगड फुटला तर काय करशील?" शाळेत एवढे मास्तर झाले, त्यांचं काही राहिलं नाही, हे तेवढं राहिलं.

तर मामाला चुरा दाखवला. तो तंबाखू मळत म्हणतो, "जाड ऑइल ओत. आवाज बसतो."

"मामा, उतारावर इंजिन जाम झालं तर मागचं चाक जाग्यावर बसेल. माणूस आपटेल."

"आपल्या दारात आपटणार आहे काय?" असं म्हणून हसला पण. त्या हसण्याची किळस ऑइलपेक्षा जास्त आली.

आज गिऱ्हाईक आलं. मंडणगडकडचा माणूस, जयगडच्या बंदरात नवीन कामाला लागलेला, बरोबर बायको आणि तिच्या कडेवर पोर. मामाच्या जाड ऑइलमुळे तीच गाडी मांजरीसारखी गुरगुरत होती. आणि तुझा भाऊ छातीवर हात ठेवून सांगतो, "मेलेल्या बहिणीची शपथ, इंजिन एक नंबर!" आये, तुला त्याने त्या घाणीत ओढलं. वारलीस तेव्हा खांदा द्यायला पण हाच पुढे होता.

मी म्हटलं, "पावणे, चहा घेतल्याशिवाय नाय सोडणार. गाडी राहूदे चालू." मामा खूष, भाचा शहाणा झाला! चहा उकळतोय, इंजिन तापतंय. तापलं की जाड ऑइल पण पातळ होतं, ते मामा विसरला. मग मी त्या बाईला विचारलं, "वहिनी, जातं फिरवता काय?"

"पिठीपुरतं फिरवते. का वो?"

"मग हे जरा कानाला लावा." मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ तिच्यापुढे केली.

तिने पोर नवऱ्याकडे दिलं, वाकली, मूठ कानाला लावली. ऐकता ऐकता तिचा मोकळा हातच वर झाला, जातं थांबवतात तसा. "अहो, ह्यात खडा हाय."

"बायकांना काय कळतं इंजिनातलं!" मामा ओरडला. मी बिस्किटांच्या बशीत ती गाळणी ठेवली, चुऱ्यासकट. "आणि हा खडा."

ती दोघं चहा टाकून स्टँडकडे चालत गेली. मामाने माझी पिशवी रस्त्यावर फेकली. "अगदी आईवर गेलायस!" बोलला. शिवी म्हणून बोलला, गाढव.

हे गॅरेजच्या मळक्या कागदावरच लिहितोय. लिहून झालं की हात पुसून फेकणार. तुझा कुठे पत्ता आहे? फक्त एक गो. त्या बाईने मूठ कानाला लावली ना, तेव्हा क्षणभर वाटलं होतं, हिला काही ऐकू येऊ नये. उद्या कामाला कुठे जाऊ?