हत्ती त्यांच्या अंगणात

आई, काल आम्ही दोघी सिनेमा बघून आलो. दोघी म्हणजे मी आणि आपल्या मागच्या लायनीतली ती, जी रोज आपल्या ओट्यावर पाय हलवत बसायची आणि जिला तू माझ्याआधी वाढायचीस. आता आमची दोघींची पन्नाशी उलटली. ती विजय नगरात राहते, मी अजून राजेंद्र नगरातच, म्हणून सिनेमा तिच्या बाजूच्या मॉलमध्ये ठरतो आणि उशीर माझ्यामुळे होतो. सिनेमा दोन लहान मैत्रिणींचा होता. एकीचा बाप घरात मारहाण करतो, शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात आणि दुसरी बिचारी नुसती बघत राहते. थिएटरात सगळे नाक पुसत होते. मीही पुसत होते. आणि ही बाई पॉपकॉर्नचा बकाणा भरून माझ्या कानात म्हणते, "अरे यार, यांच्या कॉलनीत भोंडला नव्हता का?" मला जे हसू फुटलं ते आवरेचना. पुढच्या रांगेतला एक पोरगा वळून म्हणाला, "आंटीजी, प्लीज!" मग आम्ही तोंडावर ओढण्या दाबून हसलो.

बाहेर पडताना मात्र तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "तू काकूंना सांगितलंस म्हणून मी वाचले, यार." हे ती दर दोन-चार वर्षांनी म्हणते. तूही म्हणायचीस. हळदीकुंकवाला, लग्नाकार्यात, अगदी माझ्या सासूबाईंनासुद्धा तू सांगितलंस की माझ्या लेकीनं एवढीशी असताना धीर केला. मी मान खाली घालून ऐकायची आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. तो विनय नव्हता. त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे का आले होते, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगायला हरकत नाही, कारण तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तू रागावलीस तरी मला ऐकू येणार नाही. पण आधी तू काय केलंस ते लिहिते. त्यात मला जास्त मजा येते.

मला सगळं उन्हाळ्यापासूनच माहीत होतं. आपल्या गच्चीवर पापड राखत बसलो होतो, तेव्हा तिने फ्रॉकची मागची बटणं काढून दाखवलं. पट्ट्याचे वळ होते. तिचे बाबा पोलोग्राउंडच्या कारखान्यातून सहाला घरी यायचे आणि कुठल्या दिवशी काय बिनसेल याचा नेम नसायचा. आधी तिची आई, मग ती. "कुणाला बोललीस ना, तर जन्माची कट्टी," तिने मला शप्पथ घातली. मग आम्ही उरलेले ओले पापड खाल्ले आणि लंगडी खेळलो. दहा वर्षांच्या होतो गं. मला वाटलं, गुपित म्हणजे सांभाळायचंच असतं.

मग नवरात्र आलं. भोंडला रोज एकेका घरी, आणि तो दिवस आपल्याकडचा होता. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुला जे सांगायचं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकूंची पाळी होती, पण तू पाच वाजताच पाट काखेत मारून निघालीस. मागून आम्ही वीस पोरी, आणि पाच-सहा बायका. तिच्या आईने दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "अहो, पण हे येतील आता."

"येऊ देत ना," तू म्हणालीस. "त्यांचंच तर घर आहे."

तू त्यांच्या अंगणात पाट मांडतेस, त्यावर तांदळाचा हत्ती काढतेस, आणि आम्ही फेर धरतो. सासुरवासाची गाणी आम्ही नेहमीसारखीच आनंदाने, बेसूर गातो. बरोबर सहाला फाटकाशी स्कूटर थांबते. ते आत येतात, हातात जेवणाचा रिकामा डबा, आणि वीस पोरींकडे बघत उभेच राहतात. ती माझ्या शेजारी आहे. ती माझ्या मागे सरकते. तू पुढे होतेस. "या भावजी! आज हत्ती तुमच्याकडे आलाय. खिरापत आता तुम्हीच वाटायची हं, पण ओळखल्याशिवाय नाही." तू झाकलेला डबा त्यांच्या हातात देतेस आणि मग हळू आवाजात बोलतेस. मी जवळच आहे, मला ऐकू येतं. "आम्ही उद्यापण येऊ, परवापण येऊ. पोरीच्या अंगावर परत वळ दिसला ना, तर सगळी कॉलनी घेऊन येईन. समझ लो."

तुझ्या तोंडून ते हिंदी ऐकून मीच घाबरले. इकडे पोरी ओरडतायत, "काका, गोड की तिखट?" त्यांना कुठे माहीत! ते डबा हलवून बघतात, मग बायकोकडे बघतात. "काय आहे गं यात?" तिला तू दारातच सांगून ठेवलेलं असतं, ती त्यांच्या कानात सांगते. तिच्या आईला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आणि ती माझी मैत्रीण हसायला लागली ती इतकी की तिची पावलं चुकायला लागली आणि अख्खा फेर कोलमडला.

त्या वर्षी कोजागिरीपर्यंत भोंडला त्यांच्याकडेच झाला. पुढे तू बायकांच्या पाळ्याच लावल्यास. सहाच्या ठोक्याला कुणी विरजण मागायला, कुणी सुईदोरा, आणि कोपऱ्यावरच्या काकू तर काहीच न मागता जाऊन बसायच्या. ते काही संत झाले नाहीत. तोंड सुटायचं कधीकधी. पण पट्टा कमरेलाच राहिला. काल चहा पिताना ती म्हणाली, "बाबांना मी माफ नाही केलं हं. पण खिरापतीचा डबा मस्त वाजवायचे, ये मानना पड़ेगा." एवढं बोलून तिने माझ्या प्लेटमधली कचोरी उचलली.

आता ते सांगते. आपल्या घरच्या दिवशी खिरापत होती भुट्ट्याची बर्फी. कणसं मी किसली होती, बोट सोलून घेतलं होतं. कुणाला म्हणून ओळखू येणार नाही, अशी माझी खात्री होती. हिने डब्याला नाक लावलं आणि पहिल्याच फटक्यात सांगितलं. सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तूसुद्धा वाजवल्यास. मी रडत तुझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "उद्यापासून तिला बोलवू नको. तिच्या घरी मारामाऱ्या होतात. तिचे बाबा तिला पट्ट्यानं मारतात." आई, मला तिला भोंडल्यातून काढायचं होतं. वाईट घरातली मुलगी आहे असं तुला वाटावं, म्हणून मी ते सांगितलं. शप्पथ मोडली ती एका बर्फीसाठी. आणि तू गॅस बंद केलास, मला पोटाशी धरलंस आणि म्हणालीस, "शहाणी गं माझी पोर ती." माझं रडणं तिच्यासाठीच आहे, असं तू धरून चाललीस. माझ्या मनातही नव्हतं ते चांगलं तू माझ्यात बघितलंस आणि लगेच कामाला लागलीस. त्यानंतर खरं सांगायची मला फार लाज वाटली.

हा कागद मी लिहून झाल्यावर फाडणार आहे, कारण ती आपल्याकडे येते तेव्हा विचारल्याशिवाय कपाटं उघडते. काल तिला सांगून टाकावं म्हणून पार्किंगपर्यंत मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा तीच मध्ये बोलली, "थँक्यू, यार." मी म्हणाले, "अगं, त्यात काय!" खरं सांगू, आई? मला ते ऐकायला अजूनही फार आवडतं. पुढच्या वेळीसुद्धा मी हेच म्हणणार आहे.