नुसत्या पाण्याची ओळ

प्रिय खारुताई,

एकाच घरात वरखाली राहून पत्र कसलं लिहिते, म्हणून हसशील. हस. समोर बसले की मी विषय बदलते, हे तुला माझ्या भावाशी लग्न होण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये माझ्या डब्यामागे तू चिमुकल्या नळ्या दडवून ठेवायचीस, तेव्हा मी तुला हे नाव ठेवलं. आता नात्याने वहिनी झालीस, पण वहिनी म्हणताना माझी जीभ अजून अडखळते.

आधी पोटातलं सांगून टाकते. मला तुझा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, जेवण गोड लागू नये इतका. सहा वर्षं मी उंदरांच्या पेशींवर घालवली. तूच एकदा सरांच्या फळ्यावर काढून दाखवलं होतंस, की पेशीवरचा आपला रिसेप्टर म्हणजे दोन तळहातांची ओंजळ. नेमका रेणू तीत बसला की ओंजळ मिटते, पेशीत धोक्याची घंटा वाजते आणि शरीर लढायला उठतं. माझ्या रेणूने उंदरांची ओंजळ झटक्यात मिटायची. माणसाची ओंजळ किंचित वेगळी, अगदी एवढीशी, पण तीत तो टिकेना. सहा वर्षं पाण्यात गेली. मग तू आलीस, त्याच रेणूला एका बाजूने छोटंसं शेपूट जोडलंस, आणि माणसाची ओंजळ मिटली. खारीला दुसरं काय सुचणार म्हणा. रेणू माझा, शेपूट तुझं, आणि कौतुक सगळं शेपटाचं.

घरी तर विचारूच नकोस. आईला रिसेप्टर हा शब्द धड म्हणता येत नाही, पण शेजारच्या काकूंना ती सांगते की आमच्या सुनेने माणसांची घंटा वाजवली. मी सहा वर्षं उंदरांची वाजवत होते, ते तिने कधी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

पेपर पाठवण्याआधी प्रयोग दुसऱ्या हाताने व्हावा म्हणून सरांनी तुझ्या रेणूची पावडर माझ्याकडे दिली. ही कुणाची गय करत नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी पावडर पाण्यात विरघळवली आणि घंटा वाजली की उजळणाऱ्या पेशी घेतल्या. काहींमध्ये रिसेप्टर शाबूत, काहींमधून काढून टाकलेला. जिथे रिसेप्टरच नाही, तिथे अंधार राहायला हवा होता. सकाळी पाहिलं तर दोन्ही लख्ख. खारुताई, इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही निकालाने झाला नव्हता. म्हणजे तुझा रेणू ओंजळीत बसतच नव्हता. पावडरीत मेलेल्या जिवाणूंचा अंश असणार. त्यानेही पेशी जाग्या होतात, फक्त वेगळ्या वाटेने. मी जवळजवळ धावतच सरांकडे गेले आणि म्हणाले, यात कुठेतरी पाणी मुरतंय. सरांनी पेपर थांबवला. त्या पेपरवर तुझी कायमची जागा अवलंबून आहे आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपते, हे मला पाठ होतं.

तू भांडली नाहीस, त्याचाही मला राग आला. रविवारी खालच्या स्वयंपाकघरात मी भांडी घासत होते, तू पुसत होतीस. माझ्याकडे न बघता तू विचारलंस, "नुसत्या पाण्याची ओळ ठेवली होतीस ना?" मी हो म्हटलं. तू बरं म्हणालीस आणि पुढची ताटली घेतलीस. पेशी ज्या खाचाखाचांच्या प्लेटमध्ये ठेवतो, तिच्यातली एक ओळ औषधाशिवाय, नुसत्या पाण्याची ठेवायची, म्हणजे दोष पाण्याचाच नाही ना ते कळतं. नवीन विद्यार्थी ती विसरले तर मी अख्खी प्लेट टाकून द्यायला लावते. त्या ताटलीवरून फिरणारा तुझा हात डोळ्यांपुढून जाईना.

सोमवारी मी ती ओळ लावली. तुझ्या पावडरीचा कणही नाही, नुसतं माझ्या बाटलीतलं पाणी, आणि मंगळवारी दोन्ही पेशी लख्ख. बाटली मीच आठवडाभर उघडी ठेवली होती, जिवाणू त्या पाण्यातच होते. मग नवी सीलबंद बाटली काढून सगळं पहिल्यापासून केलं. आज सकाळी रिसेप्टर नसलेल्या पेशी गप्प होत्या, आणि माणसाचा रिसेप्टर असलेल्या उजळल्या होत्या. तुझं खरं आहे. सरांना आकडे दिले आहेत, पेपर उद्या जाईल, शुक्रवार तुला गाठता येईल.

हेवा मात्र गेलेला नाही, तशी खोटी ग्वाही देत नाही. सर तुला सांगतील की हिची बाटली खराब निघाली. त्यांना मी एवढंच सांगू शकले. उरलेलं तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. रविवारी मी खोटं बोलले. ती ओळ मी ठेवलीच नव्हती. विसरले असंही नाही. हात बाटलीकडे गेला होता, मीच तो मागे घेतला. हा कागद सरांना दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
वरच्या मजल्यावरची नणंद