डाव्या बाजूचं माप

प्रिय ताईला धाकटीचा नमस्कार,

ब्लाऊज तिसऱ्यांदा उसवतेय आणि मधेच हात थांबवून तुला लिहितेय. तब्येत उत्तम आहे, आईला तसंच सांग.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये डावा स्तन काढला, तेव्हाच तिथे कातडीखाली पिशवी बसवली, तिच्यात दर पंधरवड्याला सुईने मिठाचं पाणी भरतात. कातडी पुरेशी ताणली, की पिशवी काढून कायमचं इम्प्लांट घालायचं. मी वेडी, दर वेळी घरी येऊन ब्लाऊज नव्या मापाचा करते. आमच्या शिवणघरातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, वाढत्या पोरीचे कपडे सैल शिवतात!"

उद्या आकार ठरवायचा आहे. डॉक्टरबाईंनी इम्प्लांटचा नमुना हातात दिला, तर मी सवयीने उलटा करून शिवण शोधली. काही वर्षांनी बदलावं लागेल कदाचित, असं त्या म्हणाल्या. म्हणजे पुन्हा टेबल, पुन्हा भूल. हे म्हणतात, "तुला हवं ते कर." तेच तर कळत नाही गं. आरशापुढे जाते, परत येऊन बसते, पुन्हा उठते.

आईचा गुडघा कसा आहे? आणि तुझी तपासणी झाली का? टाळू नकोस, माझी शपथ आहे.

तुझीच,
धाकटी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी डॉक्टरबाईंना म्हटलं, पिशवी काढा, दुसरं काही घालू नका. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. बाहेर बाकावर बसलेल्या यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं. चल, आधी चहा घेऊ."