देवाच्या रुपयावरची रेघ

आश्विन वद्य ३, शके १८१६

हरामखोर! सकाळपासून डोकं तापलंय. दुकान उघडतो न उघडतो तोच डोंगरावरच्या ठाकरवाडीतली ठमी पायरीवर येऊन बसली. विधवा बाई. मूठ उघडेना. शेवटी उघडली. आत तिच्या घरचा देव! देव म्हणजे पेशवाईतला जुना अंकुशी रुपया, अंकुशाची खूण असलेला, पिढ्यान् पिढ्या शेंदूर थापून टोपलीत पुजलेला. साऱ्या वाडीचे नवस त्याला. यंदा दसऱ्याला हिने तो चिंचेने घासला. आजवर कुणी घासलाच नव्हता! शेंदराचं कवच निघालं आणि खाली आडवी रेघ दिसली, या काठापासून त्या काठापर्यंत.

दीर वाघ्या बोंबलत सुटला, "हिनं देवावर कोयता मारला!" अमावास्येला वाडी न्यायाला बसणार. हिला पोरीसकट हाकलायचं, मग कोंबडं देऊन देव शांत करायचा.

"शेट, म्या निस्ता घासला वो." एवढंच बोलते.

मी रेघेवर नख फिरवलं. नख अडलं! रेघ वर उठलेली. कोयत्याने सरी पडते, वरंबा नाही. टाकसाळीत ठशालाच भेग पडली असणार, घणाखाली चांदी त्या भेगेत शिरली. माथेरानच्या साहेबासाठी जुनी नाणी हुडकता हुडकता एवढं तरी बोटांना कळतं. रुपया अमावास्येपर्यंत माझ्याकडेच ठेवून घेतला.

वद्य ४

वाघ्याला बोलावणं धाडलं. आला नाही. भेकड!

वद्य ७

आज बाजार. वाघ्या आणि त्यांचा भगत गोमा शेजारच्या दुकानी मीठ घ्यायला. माझ्याकडे पाठ करून कुजबुज.

"ती गेली म्हंजे तिचा वरचा नाचणीचा माळ माजाच."

"हळू बोल रं! शेट बसलाय."

तरुणपणी घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यात पाट्या वाहिल्या तेव्हा कुठला सुरुंग उडाला नि कुठला राहिला, हे नुसतं ऐकून जीव वाचवलाय मी. माझ्यापासून लपवतात! उठून तिथेच कानाखाली वाजवणार होतो. पण पुरावा हवा.

घरी येऊन साहेबासाठी साठवलेले अंकुशी रुपये सतरंजीवर ओतले. आमच्या सोनुबाई कडाडल्या, "दिवाळी तोंडावर आलीय, सारवण तसंच पडलंय, आणि तुम्ही ठाकरांच्या देवाची वकिली करा!" सोळावा हातात आला आणि ओरडलोच! तीच रेघ, तीच जागा, अंकुशाच्या टोकापासून निघालेली. फक्त माझ्या रुपयावरची अर्ध्यात थांबते, ठमीच्या रुपयावरची आरपार जाते. ठसा एकच. माझा आधी पडला, तिचा मागून, तोवर भेग वाढली. दोन नाण्यांवर एकाच जागी कोयता बसेल काय!

अमावास्या

दुपारी वाडीवर चढलो. गुडघे बोलायला लागले, पण चढलो. दोन्ही रुपये पानावर ठेवले. प्रत्येकाला नख फिरवायला लावलं. वाघ्या हात पुढे करेना. त्याचं मनगट धरून फिरवायला लावलं!

"बोल! खाली हाय का वर?"

"वर हाय," पुटपुटला.

मग नाचणीच्या माळाची गोष्ट सगळ्यांसमोर काढली. तोंड पांढरं पडलं लेकाचं.

गोमा भगत बराच वेळ रुपया उन्हात धरून बसला. मग विचारलं, "म्हंजे शेट, आमच्याकडं आला तवाच ह्यो फुटक्या ठशाचा व्हता?"

"होय! टाकसाळीतूनच!" छाती काढून सांगितलं मी.

ठमी निर्दोष. वाडीत राहील. उतरताना मात्र वाटेपर्यंत सोडायलाही कुणी आलं नाही. उपकाराची जाण नाही! अजून राग जात नाही.

कार्तिक शुद्ध ३

ठमी आली. वाडीने देव उल्हास नदीत सोडला. जन्माचा फुटका देव कुणालाच नको. टोपली रिकामी, तिच्या दारात कुणी येत नाही. रागावली नव्हती. नुसतं म्हणाली, "शेट, तुमी घाव माजाच म्हनला असता तर आमी मायलेकीच गेलो असतो. देव ऱ्हायला असता."